झोपलेत, उठवणार न्हाय

आमच्या घरात भांडं पडलं की आधी आईच्या तोंडाकडं बघायचं आणि मग भांडं उचलायचं, अशी रीत होती. कारण अण्णा झोपलेले असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. दिवाळीच्या आसपास कारखान्याचं धुराडं पेटलं की उन्हाळा लागेपर्यंत रात्री ते रस्त्यावर नाहीतर कारखान्याच्या तळावर, आणि दिवसा घरी आडवे. बाकीच्या पोरींचे वडील सकाळी आंघोळ करून, गंध लावून कामाला निघालेले दिसायचे. माझे वडील मला आठवतात ते पाठमोरे, भिंतीकडं तोंड करून, डोळ्यांवर टॉवेल घेतलेले.

आणि त्यांच्या झोपेवर राखणीला आई. अहो, राखण म्हणजे काय राखण! बारामतीजवळ जळोचीला आमच्या दोन खोल्या, वर पत्रा. पत्र्यावर कावळे नाचतात म्हणून तिनं वर पोती अंथरली होती. कुकरला शिट्टी होऊ द्यायची नाही म्हणून वरण पातेल्यात शिजायचं, मग जेवायला कितीही उशीर होवो. एक कोंबडा होता, तो भलत्या वेळी आरवतो म्हणून सांगवीच्या मावशीकडं रवाना झाला. भंगारवाला गाड्यावर कर्णा लावून गल्लीत शिरला की ही लसूण सोलायची सोडून पदर खोचून धावायची. "ए बाबा, ते बंद कर आधी. न्हायतर तुझाच गाडा भंगारात घालीन." तो बिचारा कर्णा बंद करायचा आणि आमच्या दारावरून मुकाट निघून जायचा. पुढच्या गल्लीत गेल्यावर परत सुरू.

अण्णांचा फोनसुद्धा तिच्याकडं असायचा, कमरेला खोचलेला. वाजायच्या आधी थरथरला की उचलायची. दाराच्या उंबऱ्यावर बसून तासनतास हे असं. शेजारच्या चाची तिला चिडवायच्या, "वहिनी, अंड्यावर बसलाय का काय?" आई म्हणायची, "व्हय, बसलेय. तुमी बी बसा की जरा, भाभी. तुमचं अंडं कुणी बी येऊन हलवून जातंय."

ते खरंच होतं. चाचा-चाचींचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. चाचाही ड्रायव्हर, त्याच मालकाकडं. मालकाचे दोन ट्रक, एकावर अण्णा, एकावर चाचा. पण चाचींच्या तोंडातून 'नाही' हा शब्द निघायचाच नाही. बाजारात पिचके टोमॅटो दिले तरी घेऊन यायच्या, मग आई ते घेऊन परत जायची आणि भाजीवालीशी भांडून बदलून आणायची. चाचा झोपलेले असले आणि कुणी दारात आलं तर चाची ओठांवर बोट ठेवायच्या, पण आलेला माणूस दारातच घुटमळला की हळूच आत जाऊन चाचांना उठवायच्या. चाचा उठायचे, हसत बाहेर यायचे. आम्ही पोरं अभ्यासाला त्यांच्याच ओट्यावर, कारण आमच्या घरात पान उलटल्याचा आवाजसुद्धा आईला खपायचा नाही.

लोकांना वाटतं ड्रायव्हर रात्रभर गाडी हाणतो म्हणून जागा असतो. तसं नाही हो. गाडी हाणण्यात माणूस जितका जागतो ना, त्याच्या दुप्पट रांगेत जागतो. ऊस भरून ट्रक कारखान्याच्या तळावर आला की नंबर लागतो. पुढं पन्नास गाड्या उभ्या. आत एक गाडी खाली झाली की सगळी रांग एक गाडी पुढं सरकते. मग परत थांबायचं. थोड्या वेळानं परत सरकायचं. तुम्ही झोपलात आणि पुढची जागा मोकळी दिसली की मागचा शिव्या घालत तुमच्या पुढं घुसणार, तुमचा नंबर गेला. आणि नंबर गेला की सकाळी शेतात तोडणीची टोळी रिकाम्या गाडीची वाट बघत बसणार आणि मालक बोंब मारणार. म्हणून झोप यायची ती अशी तुकड्यातुकड्यांची, स्टेअरिंगवर डोकं टेकून.

त्यातही त्यांनी आपली एक रीत पाडली होती. ज्याला अगदीच राहवत नाही त्यानं आपला गमजा आरशाला बांधायचा. म्हणजे हा झोपलाय, रांग हलली की मागच्यानं उतरून त्याचं दार वाजवायचं. अण्णा आणि चाचा यांचं त्याच्याही पुढचं. दोघं गाड्या एकामागं एक लावायचे आणि रात्र वाटून घ्यायचे. एक झोपला की दुसरा आधी त्याची गाडी पुढं घ्यायचा, मग उतरून पळत येऊन आपली. दार वाजवायचं नाही, उठवायचं नाही. झोपलेल्याला आतल्या आत सरकवून शेजारी बसून गाडी न्यायची. अण्णा सांगायचे, "तो गाडी असा पुढं घेतो, का मला पाळण्यात घातल्यागत वाटतं."

एकदा कारखान्यावर रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. आमच्या शाळेच्या पोरींना स्वागतगीत म्हणायला नेलं होतं, त्यात मी. साहेब आले, ड्रायव्हर लोकांना गुलाबाची फुलं दिली, ट्रॉल्यांना मागं चमकणारे कागद चिकटवले. मग भाषण. दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवायची नाही, सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती, हा तुमचा हक्क आहे, वगैरे. सगळं बरोबर बोलले, मी काही नाव ठेवत नाही. तेवढ्यात चाचा मागून उठले. हातात गुलाब तसाच. म्हणाले, "सायेब, रांगेत उभं ऱ्हायलेलं त्यात धरायचं का न्हाय?"

साहेब म्हणाले, "गाडी उभी आहे म्हणजे तुम्ही विश्रांतीतच आहात ना?"

सगळा मंडप हसला. चाचाही हसले, "व्हय सायेब, मग आमी लई आराम करतोय," म्हणून खाली बसले. साहेबांनाही वाटलं चांगला विनोद झाला. मला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. उभी गाडी म्हणजे विश्रांती! एकदा बसा की त्या केबिनमध्ये, नुसते बसा, काही करू नका.

तर ती सकाळ. मी तेव्हा अकरावीला, कॉलेज बारामतीतच. आदल्या रात्री तळावर चाचांच्या ट्रकचा क्लच गेला होता. गाडी खाली झाली पण हलेना. अण्णांची गाडी त्या रात्री उशिरा आल्यामुळं रांगेत बरीच मागं होती. फिटर आला, पाना-पक्कड घेऊन पहाटेपर्यंत गाडीखाली, आणि चाचा त्याला बॅटरी धरून उभे. अण्णा सांगतात, चाचा म्हणाले होते, "मी तर जागाच हाय, तू झोप. तुझी बी गाडी मीच पुढं घेतो." आणि घेतली. फिटरजवळून उठून जायचं, अण्णांची गाडी सरकवायची, परत यायचं, असं रात्रभर चाललं. पहाटे अण्णांची गाडी खाली झाली. ते ती इंदापूरकडच्या शेतात टोळीजवळ उभी करून मोटरसायकलवर घरी आले, जेवले, झोपले. चाचा गॅरेजचं बघून बऱ्याच उशिरा आले. आई अंगण झाडत होती. तिनं बघितलं. चाचांचे डोळे लाल झाले होते, तरी तिला म्हणाले, "काय वहिनी, आज भंगारवाला आला न्हाय वाटतं?"

दुपारी मी कॉलेजहून येऊन जेवत होते, तेव्हा आईच्या कमरेचा फोन थरथरला. मालक होता. आई उंबऱ्यावरून उठून अंगणात गेली, पण आमच्या अंगणातलं सगळं घरात ऐकू येतं.

"वहिनी, त्यांना द्या फोन."

"झोपलेत."

"उठवा की जरा. जळीत ऊस हाय. रात्री फड पेटला, पाचट जळून गेलं, म्हणून टोळीनं निम्म्या दिवसात तोडून गाडी भरली बी. उन्हात वजन घटाय लागलंय. कारखाना जळीत लगेच घेतोय, रांगेत थांबायचं बी काम न्हाय."

"चार वाजता उठतील. मग येतील."

"चारपातूर ऊस वाळंल वहिनी."

"वाळू दे. ऊस वाळला तर परत उगवंल. झोपलेत, उठवणार न्हाय." आणि फोन बंद.

आई परत उंबऱ्यावर येऊन बसली आणि तिनं लसणाची परडी पुढं ओढली. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार अभिमान वाटला. मालकाला असं तोंडावर सांगणारी बाई आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. मी आतून म्हणाले, "बरं केलंस." ती नुसती "हूं" म्हणाली.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडं फोन वाजला. वाजला, बंद झाला, परत वाजला. मग चाचींचा आवाज, बारीक, शब्द कळत नव्हते. आईचे हात थांबले. तिनं भिंतीकडं बघितलं. मग स्टोव्हचा आवाज, कपाचा आवाज. आई उठून उभी राहिली, म्हणाली, "आत्ताशी तर आले व्हते." आणि दारात जाईपर्यंत मालकाची जीप गल्लीच्या तोंडाला येऊन, चाचांना घेऊन वळलीसुद्धा. आई रस्त्यावर तशीच उभी राहिली, हाताला लसणाची सालं चिकटलेली. चाची त्यांच्या दारात होत्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

चारला अण्णा उठले. चहा पिताना म्हणाले, "गाडी भरली असंल आता." आईनं सांगितलं. अण्णांनी कप खाली आपटला. माझ्या देखत ते आईवर कधी ओरडले नव्हते. "अगं, त्यानं रात्रीत डोळ्याला डोळा लावला न्हाय! मला तरी झोप मिळाली. मला उठवायचं व्हतंस!" आई म्हणाली, "मला काय माहिती रातचं?" अण्णांनी चाचांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग चपलासुद्धा धड घातल्या नाहीत आणि मोटरसायकल काढून इंदापूर रस्त्याला लागले.

लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्याचा पूल आहे. अण्णांचा ट्रक पुलाच्या आधीच रस्ता सोडून भरावावरून खाली गेला होता, केबिन खाली आणि ऊस वर. उतरणीचं ऊन समोरून डोळ्यांवर येत असणार, आणि रस्ता सरळ. डुलकी लागायला आणखी काय पाहिजे? एरवी उसाची गाडी उलटली की लोक मोळ्या उचलून नेतात. जळका ऊस कुणी खात नाही, त्यामुळं सगळा तसाच पडला होता. शेतातल्या माणसांनी तो बाजूला करून करून चाचांना बाहेर काढलं. अण्णा पोचले तेव्हा ओढणाऱ्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. अण्णा अंधार पडल्यावर घरी आले, तर त्यांचा सदरा, तोंड, हात सगळं काजळीनं माखलेलं. ते थेट चाचींच्या दारात गेले. काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. अण्णांनी खांदा सोडला नाही म्हणतात, बदलायला आलेल्या माणसांना हातानं मागं सारत राहिले. पेपरात चार ओळी आल्या, 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने.' नियंत्रण! जसं काही ते त्याच्या हातात होतं आणि त्यानं मुद्दाम सोडून दिलं. गल्लीत, पानाच्या टपरीवर, सगळीकडं एकच, "झोप लागली असंल," आणि ते असं म्हणायचे की जणू काही चाचांनी चोरी केली. मालक आला, ओट्यावर बसून रडला. खरंच रडला, मी खोटं सांगणार नाही. पण रडता रडता म्हणत होता, "मी जबरदस्ती केली न्हाय. विचारलं व्हतं. येतो म्हणाला."

पोलीस चौकशीला आले, तेव्हा अण्णा समोर होते. त्यांनी विचारलं, आदल्या रात्री यांनी गाडी चालवली होती का? अण्णा म्हणाले, नाही, गाडी बंद पडली होती. सकाळी? सकाळी पण नाही. ते लिहून घेणारे म्हणाले, "म्हणजे पुरेशी विश्रांती झालेली होती." अण्णा त्यांना सांगत बसले, क्लच, फिटर, बॅटरी, रांग. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, पण त्यातलं काही लिहायला कुठं जागाच नव्हती. नियमानं बघाल तर चाचा त्या दिवशी रस्त्यावरचे सगळ्यात ताजेतवाने ड्रायव्हर होते. 

त्यानंतर आमच्या घरात आवाज सुरू झाले. आईनं कुकर काढला. शिट्ट्या होऊ लागल्या. भंगारवाला कर्णा लावून दारावरून गेला तरी ती मान वर करत नव्हती. अण्णा तसेही झोपत नव्हते, नुसते पडून असायचे छताकडं बघत. फोन आता अण्णांच्या उशाशी असायचा. आईनं तो परत कधी हातात घेतला नाही.

आणि आई चाचींकडं जाईना. पहिल्या दिवशी बायकांच्या गर्दीत बसून आली तेवढीच. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीमुळं चाची घराबाहेर पडत नव्हत्या, भिंतीपलीकडंच होत्या, रात्री त्यांचा खोकला ऐकू यायचा. आई रोज भाकरी-कालवण करायची, डबा माझ्या हातात द्यायची. चाची डबा घ्यायच्या, रिकामा डबा धुऊन परत द्यायच्या आणि विचारायच्या, "वहिनी का येत न्हाईत गं?" मी म्हणायचे, कामात आहे. एकदा घरी येऊन मी चिडूनच आईला म्हणाले, "तूच जा आता. मी किती दिवस खोटं बोलू?" आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "काय तोंडानं जाऊ? फोन आधी आपल्याकडं आला व्हता. मी उठवायला पायजे व्हतं, तुझ्या अण्णांची तरी झोप झाली व्हती. ते गेले असते आणि आले बी असते." मग पदरात तोंड घालून रडायला लागली. "तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार न्हाय. आणि न सांगता मी तिच्याम्होरं बसू कशी?"

हे ओझं तिनं किती दिवस वाहिलं काय सांगू. अंगानं निम्मी झाली. शेवटी एका दुपारी स्वतःच उठली, डबा भरला, मला म्हणाली, "चल माझ्यासंगं. एकटीला न्हाय जमायचं."

चाची आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. आईला बघून त्यांनी चटईवर जागा केली. आई बसली, डबा मध्ये ठेवला आणि दम न घेता बोलून टाकलं, जसं काही थांबली तर परत बोलता येणार नव्हतं.

"भाभी, त्या दिवशी मालकाचा फोन आधी मला आला व्हता. मी उठवलं न्हाय. माझ्यामुळं तो तुमच्याकडं आला."

 मला वाटलं, आता चाची उठून जातील. पण त्यांनी हात पुढं केला आणि आईचा हात धरला.

"ठाऊक हाय मला, वहिनी. मालकच म्हणाला फोनवर. तिकडं उठवत न्हाईत, तुमी तरी उठवा म्हणाला." आईनं पदर डोळ्यांना लावला. "तुमी का रडताय? तुमी न्हाय म्हणालात. न्हाय म्हणता येतंय, हे मला ठाऊक व्हतं. रोज भिंतीतनं ऐकत व्हते की तुमचं. मलाच न्हाय आलं म्हणता."

आई काहीतरी बोलायला गेली. चाचींनी मान हलवली.

"लई गाढ झोपले व्हते. दोनदा हाक मारली तर हललेच न्हाईत. मग मी पायाचा अंगठा ओढला. डोळे मिटूनच म्हणाले, थोडं पडू दे गं, थोडंसंच. मी म्हणाले, मालक खोळंबलाय." चाची डब्याच्या झाकणाकडं बघत होत्या. "तर उठले. मी हाक मारली आणि ते उठले न्हाईत, असं कधी झालंच न्हाय वहिनी. एकदा तरी उठायचं न्हाय. एकदा तरी मला म्हणायचं, जा, न्हाय उठत."